ताहाउकूत मागचा नांगर टाकताना

प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांपैकी हिवा ओआच्या ताहाउकू उपसागरात जागा अरुंद, आणि लाटा आत शिरतात. होडी लाटांना आडवी झाली की रात्रभर डोलते, म्हणून होडीच्या मागच्या टोकाकडून टाकलेला दुसरा, म्हणजे मागचा नांगर हवाच.

आधी पुढचा नांगर पक्का रुतवा. मग हलका नांगर, 5-6 मीटर साखळी आणि सगळा दोर डिंगीत (सोबतच्या छोट्या नावेत) घ्या. दोर होडीवरून सोडवत नेलात तर त्याचं ओझं डिंगीला मागे खेचतं. नांगर फेकू नका, हलकेच सोडा. नाहीतर साखळी नांगराच्या पात्यांत अडकते. खोलीच्या पाच-सातपट दोर द्या आणि होडीवरच्या विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) ताणा. जोराचा आडवा वारा आला तर मात्र दोर सैल करा, कारण बांधलेली होडी वाऱ्याकडे तोंड वळवू शकत नाही.

काढताना मागचाच नांगर आधी. डिंगीतून दोर सरळ उभा करा, तिच्या पुढच्या टोकाला लाट उतरताना आवळून बांधा. चढती लाट नांगर उपटते.