इतिवृत्त कायम होईपर्यंत

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या घराचा प्रस्ताव वारसा संवर्धन समितीच्या बैठकीत मंजूर झाला आणि त्या मंजुरीचे पत्र माझ्या हातात मे महिन्याच्या २७ तारखेला पडले. मधल्या १४ आठवड्यांत आमच्या प्रस्तावावर कोणाचीही हरकत नव्हती, एकही कागद अपुरा नव्हता आणि कोणतेही शुल्क थकलेले नव्हते. फक्त त्या बैठकीचे इतिवृत्त, म्हणजे तिथे ठरलेल्या गोष्टींची लेखी नोंद, कायम व्हायचे होते. वारसा परिसरातील घराची दुरुस्ती किंवा पाडकाम करू पाहणाऱ्या कोणालाही हा शब्द आधीच ठाऊक असावा, एवढ्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर वारसा यादीत स्वतंत्रपणे नोंदलेले नाही. मात्र ते ज्या गल्लीत आहे ती संपूर्ण गल्ली वारसा परिसर म्हणून घोषित झालेली आहे. अनेकांची इथेच गफलत होते. आपली इमारत श्रेणी १, २ किंवा ३ यांपैकी कशातच नाही, म्हणजे आपल्याला समितीकडे जावे लागणार नाही, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात परिसर घोषित झाला की त्यातील साध्यासुध्या घराचे दर्शनी रूप, छपराचा उतार आणि उंची हे सगळे विचारात घेतले जाते. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली तेव्हापासून फोर्टसारखे परिसर असेच एकत्रितपणे जपले जात आहेत, आणि राज्यातील इतर शहरांसाठी २०२० साली आलेल्या एकत्रीकृत नियमावलीतही वारसा इमारतींबरोबर वारसा परिसरांची तरतूद आहे. ही व्यवस्था मला मनापासून मान्य आहे. आमच्या गल्लीतील सज्जे एका ओळीत उभे आहेत ते कोणीतरी नियम केल्यामुळेच, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझी तक्रार नियमाविषयी नाही.

३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, त्यानुसार आम्ही ती करून घेतली. अहवालाचा निष्कर्ष असा होता की १९७० च्या दशकात मागे जोडलेला काँक्रीटचा भाग, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, धोकादायक असून पाडावा लागेल, आणि पुढचा मूळ सागवानी भाग दुरुस्तीने टिकेल. शंभर वर्षांहून जुने लाकूड तगले आणि पन्नास वर्षांचे काँक्रीट गेले, हे वाचून काकांना फार समाधान वाटले. मात्र पुढच्या भागातही एक जागा गंभीर होती. सज्जाला आधार देणाऱ्या तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजले होते. तपासणीसाठी आलेल्या अभियंत्याने मला जवळ बोलावून साधा स्क्रू-ड्रायव्हर त्या टोकात टेकवला आणि तो चार बोटे आत गेला. बाहेर आलेल्या भुश्शाचा रंग काळपट होता आणि तो बोटांत धरला तर ओला लागत होता. कारणही त्यानेच सांगितले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याची भिंत आत शिरलेली ओल हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट चढवले की ओल आतच कोंडते आणि शेवटी लाकडाच्या टोकात मुरते. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करा, हे मी ज्याला त्याला सांगत असते, म्हणून इथेही लिहून ठेवते.

अर्ज, नकाशे, मिळकत पत्रिकेचा उतारा, सर्व बाजूंची छायाचित्रे, सहमालकांची संमतीपत्रे, संवर्धनाचे काम करणाऱ्या वास्तुविशारदांचा अहवाल, हे सगळे नोव्हेंबरमध्ये सादर झाले आणि त्यात विशेष अडचण आली नाही. जानेवारीची बैठक गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेसे सदस्य हजर नसल्याने, तहकूब झाली. फेब्रुवारीत ती झाली. आमचे वास्तुविशारद बैठकीतून बाहेर आले आणि म्हणाले, “ताई, झालं. अटी आहेत थोड्या, पण मंजूर.” आम्ही त्याच संध्याकाळी सुताराला सांगून टाकले की मार्चमध्ये काम सुरू करू.

आठवडाभराने मी पत्र आणायला कचेरीत गेले. टेबलावरच्या लिपिकाने नोंदवही उघडून आमचा विषय क्रमांक शोधला आणि अतिशय नम्रपणे सांगितले, “मॅडम, तुमचा विषय मंजूरच आहे. पण प्रोसिडिंग कायम झाल्याशिवाय मी पत्र कसं काढू?” इतिवृत्ताला तिथे सगळे प्रोसिडिंग म्हणतात. एका बैठकीत जे ठरले त्याचा मसुदा तयार होतो, पुढच्या बैठकीत तो वाचून कायम केला जातो, त्यावर अध्यक्षांची स्वाक्षरी होते आणि मगच अर्जदाराला पत्र निघते, हा क्रम मला त्या दिवशी प्रथम कळला. पुढची बैठक मार्चमध्ये होती, म्हणून मी फारशी काळजी केली नाही. मार्चची बैठक पुन्हा गणपूर्तीअभावी झाली नाही. एप्रिलमध्ये विषयपत्रिकाच निघाली नाही. मी दर सोमवारी जात राहिले आणि दर सोमवारी तेच वाक्य ऐकत राहिले, की विषय मंजूर आहे.

त्या दिवसांत मला जो संताप येत असे तो आजही पूर्ण शमलेला नाही. दुसऱ्या विभागाची नोटीस आमच्या दारावर डकवलेली होती आणि तिच्यात धोकादायक भाग तातडीने उतरवून घ्यावा, अन्यथा होणाऱ्या हानीस मालक जबाबदार राहतील, असे लिहिले होते. इकडे समितीच्या पत्राशिवाय एक वीटही काढू नये अशी ताकीद होती. दोन्ही आदेश एकाच इमारतीत, दोन मजल्यांच्या अंतरावर तयार झाले होते. नोटिशीच्या विभागात मी मंजुरीची गोष्ट सांगितली तर ते पत्र मागत, आणि पत्राच्या टेबलावर नोटीस दाखवली तर ते आपल्या अखत्यारीतले नाही असे सांगत. काका-काकू वरच्या मजल्यावर राहतात. काकूंनी मार्चपासून सज्जात पाऊल टाकणे बंद केले आणि तुळशीचे वृंदावन आत खोलीत आणून ठेवले. चुन्याच्या कामाला सुकायला वेळ लागतो, तो सावकाश घट्ट होतो, त्यामुळे पावसाच्या आधी किमान दोन महिने हातात हवेत, हे आमचे गवंडी आठवड्याला एकदा फोन करून आठवण करून देत होते. मी त्यांना काय उत्तर देणार?

एप्रिलच्या सुरुवातीला मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून मी दोनच गोष्टी मागितल्या: फेब्रुवारीच्या बैठकीच्या इतिवृत्ताच्या मसुद्याची पाहणी, आणि इतिवृत्त कायम होण्यापूर्वी पत्र देता येत नाही असा नियम असल्यास त्याची प्रत. पाहणी मागणे हे प्रती मागण्यापेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, कारण नस्ती, म्हणजे फाईल, डोळ्यांसमोर असली की आपण न मागितलेलेही दिसते. ३० दिवसांची मुदत संपायच्या दोन दिवस आधी मला बोलावणे आले.

त्या मसुद्यात आमचा विषय नवव्या क्रमांकावर होता आणि निर्णय अटींसह स्पष्ट लिहिलेला होता. मी पाने उलटून आधीचे विषय वाचले. चौथ्या आणि सहाव्या विषयाच्या निर्णयाखाली एक जादा वाक्य होते: “इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता कार्यवाही करावी.” या दोन्ही अर्जदारांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्रे गेल्याची जावक नोंद शेजारीच होती. नियमाच्या प्रतीबद्दल मला मिळालेल्या लेखी उत्तरात कोणत्याही कलमाचा उल्लेख नव्हता. ‘प्रचलित कार्यपद्धतीनुसार’ एवढेच शब्द होते.

त्या दोन अर्जदारांनी काही गैर केले असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्या वास्तुविशारदांनी बैठकीतच तातडीचे कारण सांगून हे वाक्य नोंदवून घेतले, इतकेच. आमच्याकडे तर धोकादायक भागाची नोटीस होती, त्याहून तातडीचे कारण कोणते असणार? पण आम्ही मागितले नाही आणि १४ आठवड्यांत मला कोणीही सांगितले नाही की ते मागता येते. तेव्हा माझा पहिला सल्ला हाच आहे: बैठकीच्या आधी लेखी विनंती द्या की प्रस्ताव मंजूर झाल्यास इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता पत्र देण्यात यावे, सोबत नोटिशीची आणि तपासणी अहवालाची प्रत जोडा, आणि त्या विनंतीवर आवक क्रमांक घ्या. बैठकीनंतर हे करणे जवळजवळ अशक्य आहे.

मी त्याच दुपारी आयुक्तांच्या नावे एक पानी निवेदन लिहिले, त्यात दोन्ही विषयांचे क्रमांक दिले आणि कुटुंब त्या घरात राहत असल्याचे स्पष्ट केले. मे महिन्याच्या २० तारखेला बैठक झाली आणि सात दिवसांनी पत्र मिळाले. निवेदनामुळे बैठक झाली की ती होणारच होती, हे मला सांगता येणार नाही. मात्र ते पत्र हातात घेऊन मी जिन्यावरच दहा मिनिटे बसून राहिले होते.

मागचा काँक्रीटचा भाग आम्ही जूनच्या पहिल्या दहा दिवसांत उतरवून घेतला. पुढच्या भागाचे काम पावसामुळे ऑक्टोबरपर्यंत थांबले. तुळईला खालून लोखंडी टेकू दिले, सज्जावर ताडपत्री टाकली, आणि तरीही जुलैमधील एका रात्री सज्जाखालचा एक कोरीव लाकडी ब्रॅकेट सुटून गल्लीत पडला. खाली कोणी नव्हते. फेब्रुवारीतच पत्र मिळाले असते तर तोवर नवी तुळई बसलेली असती.

इथे आणखी एक गोष्ट आठवते, जी खरे तर अर्जाच्या वेळी सांगायला हवी. आम्ही पाडकाम आणि दुरुस्ती यांचा एकच प्रस्ताव केला होता. दोन वेगळे प्रस्ताव करा. जसे होते तसेच, त्याच सामग्रीत करायच्या दुरुस्तीवर चर्चा थोडी होते. पाडकामाचा शब्द आला की छायाचित्रे, जागेची पाहणी आणि प्रश्न वाढतात, आणि साधी दुरुस्तीही त्याच्याबरोबर अडकून पडते. समितीने आम्हाला छप्पर मूळचे आहे का असेही विचारले होते. कौल उलटून पाहिल्यावर मागे बेसल मिशनचा ठसा निघाला. मंगळूरला या मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला, त्यामुळे ती कौले त्यानंतरची असणार हे उघड होते आणि आम्ही तसेच लिहून दिले. जे माहीत आहे तेवढेच लिहावे. सदस्यांना जुन्या घरांची जाण होती आणि त्यांनी आमच्या उत्तरावर पुन्हा प्रश्न केला नाही.

जुलैमध्ये पडलेल्या ब्रॅकेटचे छायाचित्र मी दुसऱ्याच दिवशी समितीला पाठवले, कारण मंजूर नकाशात तो जागेवर दाखवलेला होता आणि आपण तो परस्पर काढला असे कोणाला वाटू नये. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले: तोच ब्रॅकेट दुरुस्त करून पुन्हा बसवावा आणि नवा जोड ओळखू येईल असा ठेवावा. जागतिक पातळीवर जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे, की नव्याने घातलेला भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ म्हणून खपू नये. आमच्या सुताराला ते पटायला वेळ लागला. त्याला जोड दिसणे हा कामातला दोष वाटत होता. शेवटी त्याने सागाचा नवा तुकडा इतक्या सफाईने सांधला की बोट फिरवले तर काहीच लागत नाही, आणि रंग मात्र मुद्दाम दिला नाही. गल्लीतून वर पाहिले तर डावीकडून तिसऱ्या ब्रॅकेटवर तो फिकट पट्टा दिसतो.