सापडलं नाही, म्हणजे काय कळलं?

मी संख्याशास्त्र शिकवते. शोधसिद्धांताचा, म्हणजे हरवलेली गोष्ट कुठे आणि किती शोधायची या गणिताचा, तास झाला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पाणबुडी शोधायला विमान लागतं, रडार लागतं. त्यात गणित काय करणार?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितेय.

१९४२ मध्ये जर्मन यू-बोटी, म्हणजे पाणबुड्या, अटलांटिकमध्ये जहाजांमागून जहाजं बुडवत होत्या. तेव्हा अमेरिकी नौदलाने फिलिप मोर्स यांच्या हाताखाली शास्त्रज्ञांचा एक गट नेमला. त्यातल्या बर्नार्ड कूपमन या गणितज्ञांचा एक हिशेब मला फार आवडतो. समुद्राचा जेवढा तुकडा, बरोबर तेवढंच क्षेत्र विमानाच्या नजरेखालून गेलं, पण वाटेल तसं फिरत. काही जागा दोनदा पाहिल्या जातात, काही राहूनच जातात. पाणबुडी तिथे असली तरी दिसण्याची शक्यता ६३ टक्के. दुप्पट फिरलं, तर ८६.

आणि नाहीच दिसली, तर? फळ्यावर मी दोन चौकोन काढते. पाणबुडी पहिल्यात असण्याची शक्यता ६०, दुसऱ्यात ४०. पहिला चौकोन असा धुंडाळला की असती तर ८० टक्के वेळा दिसली असती. दिसली नाही. मग ६० मधले उरले १२, दुसरीकडचे ४० तसेच. बावन्नात बारा म्हणजे २३ टक्के. दुसरा चौकोन ७७ वर जातो. रिकाम्या हाताने परतलेलं विमानही बातमी घेऊन येतं, ती अशी.

मात्र सगळा भार त्या ८० वर आहे. आपली नजर किती पक्की, हे प्रामाणिकपणे सांगता आलं पाहिजे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ विमान २२८ जणांसह अटलांटिकमध्ये कोसळलं. ब्लॅक बॉक्सच्या बीकनचा, म्हणजे पाण्याखाली आवाज सोडणाऱ्या यंत्राचा, आवाज शोधत जहाजं फिरली, काहीच ऐकू आलं नाही, म्हणून तो पट्टा जवळजवळ बाद धरला गेला. पुढचे शोधही वाया गेले. मग पाणबुड्यांसाठी घडलेलं हेच गणित वापरणाऱ्यांनी आवाज ऐकू येण्याच्या शक्यतेचा आकडा पुन्हा तपासला: दोन्ही बीकन मुळात बंदच पडले असतील तर? तसं धरताच शक्यतांच्या नकाशावरचा सर्वांत गडद, म्हणजे सर्वाधिक शक्यतेचा, ठिपका विमानाच्या शेवटच्या नोंदलेल्या जागेजवळ सरकला. एप्रिल २०११ मध्ये, नवा शोध सुरू झाल्यावर आठवड्याभरात, सुमारे ३,९०० मीटर खोल तळावर अवशेष मिळाले. बीकन ऐकायला निघालेली जहाजं तिथून जवळूनच गेली होती.