घुमणारा डबा : वरुडच्या उन्हाळ्यातली नोंद

आमची दोन-एकची (एक वूफर, दोन छोटे सॅटेलाइट स्पीकर) जुनी साउंड सिस्टीम घुमायची, खरखरायची आणि तिचा डावा सॅटेलाइट बंद होता. आता ती घुमत नाही. खरखर आणि डावा सॅटेलाइट अजून बाकी आहे.

घुमणं एक नव्हतं, दोन होती. ऑक्सची (बाहेरून आवाज आत आणणारी) पिन काढली, आवाज शून्यावर नेला, तरी एक बारीक घुमणं चालूच. ते आतल्या पॉवर सप्लायचं. आपली वीज 50 हर्ट्झची, पण ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांमधून) निघाल्यावर तरंग 100 हर्ट्झचा होतो आणि तो दाबायचं काम फिल्टर कॅपॅसिटरचं. उघडून पाहिलं तर 4700 मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं. माल 85 डिग्रीपर्यंतच चालणारा, बसवलेला हीटसिंकला (आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीला) चिकटून, वर टिनाचं छत आणि मे महिना! अशा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा ठोकताळा असा, की तापमान 10 अंशांनी चढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आता 105 डिग्रीचा, 25ऐवजी 35 व्होल्टचा टाकलाय, तोही हीटसिंकपासून दूर. व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही. जुना काढण्याआधी रेझिस्टर लावून त्यातला चार्ज उतरवायला विसरू नका.

दुसरं घुमणं जाडं, टीव्ही जोडल्यावरच येणारं. डिशची केबल टीव्हीतून उपसली की गप्प. म्हणजे ग्राउंड लूप: डिशचा लोखंडी पाइप एका बाजूनं जमिनीला, अँप्लिफायरची अर्थिंग दुसऱ्या बाजूनं. दोन्ही प्लग एकाच बोर्डात आणले, बरंच कमी झालं. उरलेलं ऑडिओच्या वायरमध्ये एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (वायरी थेट न जोडता आवाज पलीकडे नेणारा) टाकून गेलं. शेजारचे काका म्हणत होते, "मधली अर्थिंगची पिन तोडून टाक ना बे, काहून डोकं खपवतं?" घुमणं गेलं असतं, खरं आहे. पण उद्या फेज डब्याच्या पत्र्याला लागला तर तो करंट जमिनीत नेणारी तीच पिन आहे. हात लावू नका तिला.

पिनीच्या पलीकडची अर्थिंगही तपासा. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगची सळई मातीपासून सुटते. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये बरेच व्होल्ट दिसत होते. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी सोडलं, तेव्हा आकडा उतरला.

संध्याकाळी बेस फाटतो, त्यात वूफरचा दोष नाही. संत्र्याच्या बागांचे पंप चालू झाले की आमच्या डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज 230वरून 170पर्यंत येतं. सिस्टीममधला 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मग 9च्या आसपास देतो आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते, म्हणजे निम्म्याला टेकते. तेवढ्यातच पूर्ण आवाज मागितला तर अँप्लिफायरची आयसी क्लिप होणारच, म्हणजे आवाजाच्या लाटेची टोकं कापणार. स्टॅबिलायझर घेईपर्यंत त्या वेळी आवाज कमी ठेवतो.

खरखर व्हॉल्यूमच्या पॉटची (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरची). कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब फिरवला, थोडी गेली, आता पॉटच बदलेन.

डावा सॅटेलाइट मात्र गमतीदार. 8 ओहमच्या स्पीकरवर मीटरनं 6-7 दाखवायला हवेत, हा काहीच दाखवत नाही. कोन अलगद दाबला की दाखवतो. कोनकडे जाणारी विणलेली तार आतून तुटली असावी. तार मिळाली की सोल्डरचा डाग देईन. आणि बंद करण्याआधी दीड व्होल्टचा सेल टेकवून दोन्ही कोन एकाच दिशेनं हलतात का तेही बघेन, नाहीतर उलटसुलट जोडणीनं बेस गायब.