रिफच्या मुलीचे केस : चौथ्या चित्राची फेरनोंद

मागच्या नोंदीत मोरोक्कोच्या रिफ पर्वतातील बर्बर (तेथील मूळ समाज) मुलीचे चित्र पूर्ण झाल्याचे लिहिले होते. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. तीन आठवड्यांनी कॅनव्हास खिडकीपाशी आणला, तेव्हा कानामागची सावली मातकट पडलेली दिसली आणि उजेडातला भाग असा एकसारखा नारिंगी, की मुलीने कालच मेंदी लावली असावी असे वाटावे. जन्मजात तांबूस-तपकिरी केस आणि रंगवलेले केस यांतील फरक पकडण्यासाठीच ही मालिका हाती घेतली असल्याने हे फार जिव्हारी लागले.

सावलीचे कारण लगेच उमगले. तेथे रॉ अंबर हा तपकिरी मातीचा रंग जाड लावला होता. त्यातील मँगनीजमुळे तो भरभर वाळतो, तेल शोषतो आणि निस्तेज होतो. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवताच रंगाची खोली परत आली.

नारिंगीपणा मात्र हटेना. गडद लाल अलिझरिन मिसळले तर केस जांभळट झाले, निळ्या अल्ट्रामरीनने राखाडी झाले. मग ट्यूब तपासली. नाव बर्न्ट सिएना (तांबूस-तपकिरी रंग), पण रंगद्रव्याचा संकेतांक पीआर १०१, म्हणजे सिएनाची भाजलेली माती नसून कृत्रिम लोह-ऑक्साइड. तो पारदर्शक असतो तसा अपारदर्शकही असतो आणि माझ्याकडचा अपारदर्शक निघाला. स्वस्त संच घेणाऱ्यांनी नावापेक्षा संकेतांक आणि पारदर्शकतेची खूण वाचावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

खरा उलगडा दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात झाला. शेजारच्या मावशी मेंदी धुऊन उन्हात केस वाळवत होत्या. पांढरे केस ज्वाळेसारखे दिसत होते, काळ्यांवर नुसती लालसर झाक होती. मेंदीतील लॉसोन हा रंग केसांच्या केराटिन या प्रथिनाला चिकटतो, मूळचा काळा रंग काढत नाही. म्हणजे मेंदी हे एक ग्लेझच, खालचा रंग दिसू देणारा पातळ पारदर्शक थरच, आहे. जन्मजात तांबूस केसांत मात्र तपकिरी-काळे युमेलॅनिन आणि तांबूस फिओमेलॅनिन ही दोन रंगद्रव्ये एकाच केसात एकत्र असतात, त्यामुळे सावलीत ते तपकिरीच दिसतात आणि लाली उन्हात उमलते. मी ती लाली डोकेभर सारखी थापली होती.

म्हणून सहा इंचांच्या फळीवर आधी बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीनने नुसता उजेड-अंधार रंगवला, तो पूर्ण वाळू दिला आणि नंतर पारदर्शक सिएनाचे ग्लेझ केवळ उजेडाच्या बाजूला आणि ऊन आरपार येणाऱ्या कडेच्या विरळ बटांवर दिले. कपाळावरची एक बट अशी जिवंत झाली, की मी संध्याकाळभर ती फळी हातातून खाली ठेवली नाही.

पुढचा क्रम आता बदलतो आहे. पाचवे चित्र स्कॉटलंडचे ठरले होते, कारण लाल केसांचे प्रमाण तेथे आणि आयर्लंडमध्ये सर्वाधिक आहे. पण या पद्धतीची कसोटी लालभडक केसांवर लागणार नाही. म्हणून आधी रशियाच्या व्होल्गा-उरल भागातील उदमुर्त समाजाची स्त्री घेतो. त्या समाजातही तांबूस केस आढळतात. शिवाय हे लिहिता लिहिताच सुचले, की मावशींचे चित्र रिफच्या मुलीशेजारी जोडीने लावावे. विचारून आलो. त्यांनी होकार दिला आहे, मात्र पुढची मेंदी लावण्याच्या आदल्या दिवशी बसेन म्हणाल्या. तेव्हा मुळाशी पांढरे, पुढे नारिंगी आणि मध्ये काळे, असे तिन्ही केस एकत्र मिळतील.