धनशोधक यंत्राच्या परीक्षेच्या अटी

इंदूरला राजवाड्याजवळच्या आमच्या नातलगांच्या वाड्यात धन पुरलेले आहे, असे एका यंत्रवाल्याने सांगितल्यापासून चौक खणण्याची भाषा सुरू झाली होती. आधी यंत्राची परीक्षा घ्यावी हा माझा आग्रह आज मान्य झाला आणि संध्याकाळ तिच्या अटी लिहिण्यात गेली.

झाकणाचे ४ एकसारखे डबे, त्यांतल्या एकात सोन्याची बांगडी, अशा २० फेऱ्या. डबा दर वेळी चिठ्ठी काढून ठरवायचा. बांगडी ठेवणाऱ्याने खोलीबाहेर जायचे आणि यंत्रवाल्याजवळ उभे राहून नोंद करणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसावे, कारण जाणत्याच्या नुसत्या नजरेवरूनही माणूस नकळत अंदाज बांधतो. निव्वळ नशिबाने सरासरी ५ उत्तरे बरोबर येतील, म्हणून १२ ही उत्तीर्णतेची रेषा आधीच आखली. तेवढी योगायोगाने जमण्याची शक्यता हजारात एकाहून कमी आहे. थायलंडमध्ये २०१० साली जीटी २०० या स्फोटकशोधक यंत्राची चाचणी झाली, तेव्हा २० पैकी ४ उत्तरेच बरोबर आली होती.

"काका, आधी उघड्या डब्यावर चालवून बघू, म्हणजे मागाहून फरशीखालच्या नळाला दोष द्यायला नको," असे मी यंत्रवाल्यांना सुचवले आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. बांगडी दिसत असताना यंत्राची कांडी झोकात वळली. तिची मूठ इतकी सैल आहे की मनगट किंचित कलले तरी पुरते, पण तो मुद्दा मी मुद्दाम काढला नाही. अटींवर त्यांची सही झाली आहे. बांगडी कोणाची वापरायची, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.