शेवटच्या रॅटची गाठ

त्या दिवशीचा शेवटचा रॅट इतका छान टिकला की त्याला औषधच मिळालंय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

रॅटच्या डाव्या फुप्फुसाला एकच खंड, उजव्याला चार. त्यामुळे डावं काढणं त्यामानाने सोपं, मुळाशी रेशमाने बांधायचं आणि कापायचं. कठीण असतं ते पुढचं. खोल भुलीतल्या 300 ग्रॅमच्या जनावराला मुद्दाम 6 मिलीचा श्वास, म्हणजे किलोमागे 20 मिली, आणि ती सगळी हवा उरलेल्या एकाच फुप्फुसात. ते ताणलं जातं, केशवाहिन्या पाझरू लागतात, फुप्फुस ताठरतं, हवा ढकलायला लागणाऱ्या दाबाचा आकडा चढत जातो. शेवटी नळीत गुलाबी फेस येतो. निम्म्या जनावरांना आधी डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय, ते बंद लिफाफ्यात.

या रॅटचा दाब 4 तास जागचा हलला नाही. फुप्फुस काढलं तर फिकट, हलकं. वहीच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने 'औषध' लिहूनही टाकलं. संध्याकाळी लिफाफा उघडला. सलाइन!

रॅट अजून ट्रेमध्येच होता. श्वासनळी खालून चिमट्याने बंद केली, तिच्यात बसवलेली व्हेंटिलेटरची नळी जिने बांधली होती त्या गाठीवर सलाइनचा थेंब टाकला आणि नळीतून सिरिंजने हवा सोडली. थेंबात बारीक बुडबुडे आले. गाठ मीच मारली होती.

आमचं व्हेंटिलेटर दट्ट्याने किती हवा ढकलली ते सांगतं, फुप्फुसात किती पोचली ते नाही. लहान श्वासाने फुप्फुस वाचतं हे जुनंच आहे. एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्याने भरण्याच्या गंभीर आजाराच्या 861 रुग्णांवरच्या, 2000 साली छापून आलेल्या चाचणीत किलोमागे 12 मिलीच्या गटात 39.8 टक्के रुग्ण दगावले, 6 मिलीच्या गटात 31 टक्के. माझ्या ढिल्या गाठीने न सांगता तेच केलं होतं.

सर म्हणाले, "तांत्रिक बिघाड आहे. वगळ हा."

नियमाने बरोबर आहे. गळती असेल तर जनावर वगळायचं, हे आम्ही आधीच लिहून ठेवलंय. पण मी गाठ तपासली ती लिफाफा उघडल्यावर, आणि तीही उत्तर मनाविरुद्ध आलं म्हणून. हाच रॅट डेक्सामेथासोनचा निघाला असता तर थेंब टाकायचं मला सुचलंच नसतं. औषधाच्या गटात दाब न चढलेले आणखी 3 रॅट आहेत. त्यांच्या गाठी कशा होत्या? त्यांची शरीरं केव्हाच जाळायला गेली.

मी सरांना म्हटलं, "हा वगळायचा असेल तर त्या तिघांपुढेही शंका नोंदवू या." त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. त्या तिघांची पानं मी काल पुन्हा काढली. हवेच्या रकान्यात दर पंधरा मिनिटांनी, माझ्याच अक्षरात, 6, 6, 6.