११० ओळींचा पसारा

आज सुट्टी होती, म्हणून सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब करणारा माझा पायथन (संगणकाची एक भाषा) प्रोग्राम आवरायला घेतला. ११० ओळी, वरून खाली एका दमात. दंडाचं गणित तर तीन ठिकाणी चिकटवलेलं, आणि त्यातल्या एका ठिकाणी दर जुनाच! (तळमजल्यावरचे काका पावतीवरून वाद घालत होते ते उगाच नव्हे.)

संध्याकाळी भाचीला दाखवलं. म्हणाली, "मावशी, हे म्हणजे स्वयंपाक, अंघोळ, झोप सगळं एकाच खोलीत." मग बसून चार फंक्शन्स (एकेक काम करणारे, नाव दिलेले तुकडे) केली: फाइल_वाचा, थकबाकी_काढा, दंड_काढा, पावती_छापा. हो, पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, मलाही आजच कळलं. दंडाचा दर आता एकाच जागी. शेवटी 'मेन' फंक्शन, त्यात फक्त या चौघांना क्रमाने हाका.

खरी मजा पुढे. 'इफ __नेम__ == "__मेन__"' (कोडमध्ये इंग्रजीतच लिहायची: if __name__ == "__main__":) ही ओळ मी आजवर इतर प्रोग्राममध्ये मंत्रासारखी उतरवून काढायचे. फाइल थेट चालवली की पायथन __नेम__ मध्ये "__मेन__" भरतो. दुसऱ्या प्रोग्राममधून इम्पोर्ट केली (म्हणजे वापरायला आत घेतली) की तिथे त्या फाइलचं स्वतःचं नाव येतं. म्हणजे 'मेन'ला हाक या ओळीखाली ठेवली, की नुसता दंड तपासायला इम्पोर्ट केलं तर 'मेन' गप्प बसतं. सकाळी या फाइलमध्ये ही ओळ नसताना हेच करायला गेले आणि ४० फ्लॅटच्या पावत्या धडाधड छापून आल्या होत्या. कोऱ्या बाजूवर आता भाची चित्रं काढतेय.

काकांची पावती उद्या बदलून द्यायची आहे. चहा पाजूनच सोडतील बहुतेक.